घंटा वाजविण्यापूर्वी

इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून डहाणू व तलासरी तालुक्यांतील गावांना भूकंपाचे लहानमोठे धक्के वारंवार बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवरील लोक थंडीच्या दिवसांत घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू पुरविले, आणि जमीन हलली की बाहेर पळावयाचे हा धडा लहान मुलांच्याही अंगवळणी पडला. याच जिल्ह्यात, तेथून दक्षिणेस, बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तर शेजारच्या शाळेतील मुलांनी करावयाची गोष्ट बहुधा याच्या नेमकी उलट असते. आत जावयाचे आणि दारेखिडक्या लावून घ्यावयाच्या. शाळेची घंटा मात्र दोन्ही ठिकाणी एकाच आवाजाची आहे. ती वाजली की मुले बाहेर येतात, कारण सुटीची सवय तशी आहे. यास्तव घंटेच्या दोरीला हात घालण्यापूर्वी शिक्षकाने प्रसंगाची पारख करणे आवश्यक ठरते.

पारख म्हणजे दीर्घ विचार नव्हे. ती एका मिनिटाची, पण शिस्तीने करावयाची गोष्ट होय. काय घडले आहे व कोठे घडले आहे हे प्रथम पाहावे. ते वाढत आहे की ओसरत आहे, हे त्यानंतर पाहावे. आणि बहुतेकांकडून नेमका हाच प्रश्न राहून जातो. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील आग व गावाबाहेरील वणवा या दोन्ही आगीच खऱ्या, पण पहिली आग भिंतीपलीकडच्या वर्गात केव्हा शिरेल याचा हिशेब मिनिटांत करावा लागतो. मग आज हजेरीपटावर किती मुले आहेत, त्यांपैकी कोण शौचालयाकडे वा पाण्याकडे गेले आहे, आपल्याजवळ किती मोठी माणसे आहेत, हे मनाशी जुळवावे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक केंद्राच्या बैठकीस गेलेला असेल, तर उरलेल्या एकट्या शिक्षकाने आग विझवावयास धावणे म्हणजे सगळी मुले वाऱ्यावर सोडणे होय. अशा वेळी स्वयंपाक करणाऱ्या ताई ही दुसरी मोठी व्यक्ती असते. तिला तिचे काम आधीच सांगून ठेवलेले असावे.

बोईसरच्या परिसरात ही पारख कशी करावी, याचा विचार तेथील घटनांवरूनच करता येईल. ११ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी मार्च २०१८ मध्ये, रात्रीच्या वेळी, दुसऱ्या एका कारखान्यातील स्फोटाने तिघांचा बळी घेतला होता. दोन्ही वेळी शाळा बंद होत्या, हा केवळ योग. स्फोटाला निदान आवाज असतो. वायुगळतीला तोही नसतो. २१ ऑगस्ट २०२५ रोजी याच वसाहतीत झालेल्या वायुगळतीत चार कामगार दगावले.

अशा वेळी शिक्षकाचे पहिले लक्ष वाऱ्याकडे गेले पाहिजे. ताडाची झावळी कोणीकडे झुकते, चुलीचा धूर कोणत्या दिशेस जातो, एवढे पाहिले तरी पुरे. पश्चिमेस समुद्र असल्यामुळे दिवसाचा वारा पुष्कळदा समुद्राकडून जमिनीकडे व रात्रीचा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येचा असतो. तथापि सवयीवर विसंबू नये, त्या क्षणी पाहावे. वायूचा ढग शाळेच्या दिशेने येत असेल व तो अंगावर येण्याआधी बाहेर पडण्याइतका वेळ नसेल, तर मुलांना आत घ्यावे, पंखे बंद करावेत, फटींत ओली फडकी कोंबावीत आणि नाकातोंडावर ओला रुमाल धरावयास सांगावे. वेळ असेल किंवा तसा आदेश आला असेल, तर वाऱ्याला आडवे चालत ढगाच्या वाटेतून बाजूला व्हावे. वाऱ्याच्या पुढे पळत सुटणे ही सर्वांत वाईट गोष्ट होय. १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्री भोपाळमध्ये झोपेतून उठलेले लोक गल्ल्यांतून जिवाच्या आकांताने धावले. जो वायू त्यांच्या मागे लागला होता तो हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत होता, आणि धावणाऱ्याचा श्वास तर अधिक खोल जातो. ओले फडके तोंडाशी धरून वाऱ्याला आडवे जावे, हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नव्हते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कौलारू शाळेच्या भिंती व छप्पर यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा असते. अशा खोलीत दारे लावून बसल्याने वायू थोडा उशिरा येईल, थांबणार नाही. म्हणून शाळेतील अथवा जवळची स्लॅबची एक खोली आधीच हेरून ठेवावी. ग्रामपंचायतीची असो वा अंगणवाडीची. तीत सगळी मुले दाटीवाटीने मावतात की नाही, हे एका शनिवारी प्रत्यक्ष बसवून पाहावे. अंदाजाने लिहिलेली क्षमता प्रसंगी खोटी ठरते.

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून चालू आहे. तेथील संभाव्य आपत्तीची पारख मात्र शिक्षकाने स्वतःच्या इंद्रियांनी करावयाची नाही, कारण किरणोत्साराला रंग नाही, वास नाही आणि झावळीही हलत नाही. अशा केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरांच्या क्षेत्रासाठी आपत्कालीन योजना आखलेली असते व ती राबविण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. शिक्षकाचे काम तेथे मर्यादित व स्पष्ट आहे. सूचना येताच मुलांना आत ठेवावे, उघडे पाणी व उघडे अन्न देऊ नये, पुढील आदेशाची वाट पाहावी. आयोडीनची गोळी कोणाच्या सांगीवांगीवरून देऊ नये; ती केव्हा व कोणास द्यावयाची हे अधिकारीच ठरवितात. 'केंद्रात काहीतरी झाले' अशी वार्ता बाजारातून आली, तर तिच्यावर शाळा सोडून देण्यापूर्वी १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षास विचारावे.

भूकंपाचे गणित वेगळे. धक्का बसत असताना घंटा वाजविण्यास अवकाशच नसतो. हलणारी जमीन हीच घंटा. त्या काही क्षणांत धावू नये. १ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू भागात एकामागून एक धक्के बसले, त्यांतील सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून एक लहान बालिका दगावली. घर कोसळले म्हणून नव्हे. खालच्या वर्गांत बाके नसतात, मुले पट्ट्यांवर बसतात. त्यांनी भिंत व कपाट यांपासून सरकून, दप्तर डोक्यावर धरून खाली वाकावे, हा त्या वर्गांपुरता व्यवहार्य उपाय होय. धक्का थांबल्यावर मात्र रांगेने बाहेर यावे, आणि बाहेर म्हणजे मोकळ्यावर. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली दीडशेहून अधिक मुले व त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. ती मुले घराबाहेरच होती.

पारख झाली की उद्दिष्ट ठरवावयाचे. येथे शिक्षण खात्यातील सर्वांचीच एक जुनी खोड आड येते. 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यथायोग्य कार्यवाही करावी' असे वाक्य लिहिण्यात आपला हात बसलेला आहे. हे वाक्य चुकीचे नाही, पण ते उद्दिष्ट नव्हे. ते वाचून चौथीच्या वर्गशिक्षिकेने नेमके कोठे जावयाचे, हे कळत नाही. 'पाच मिनिटांत सर्व ६२ मुले उत्तरेकडील शेतात आंब्यापलीकडे बसलेली असावीत व हजेरीपटावरून मोजलेली असावीत' हे उद्दिष्ट झाले. त्यात कोण, कोठे, किती वेळात आणि झाले हे कशावरून ओळखावे, इतके सारे आहे. ते मोठ्याने उच्चारावे. मनात ठेवलेले उद्दिष्ट दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडत नाही.

उद्दिष्ट अस्पष्ट राहिल्याने काय होते, याचे जपानमधील उदाहरण प्रत्येक शिक्षकाने जाणून घेण्यासारखे आहे. ११ मार्च २०११ रोजी प्रचंड भूकंप झाल्यानंतर इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी मुलांना शिस्तीने पटांगणात आणले. इथवर सारे बरोबर होते. पुढे कोठे जावयाचे याविषयी शाळेच्या आपत्ती-पुस्तिकेत जवळची मोकळी जागा किंवा उद्यान असे मोघम शब्द होते. शाळेमागे टेकडी होती. तीवर चढावे की नाही याविषयी मतभेद झाले, आणि सुमारे पन्नास मिनिटे मुले पटांगणातच राहिली. अखेरीस ती नदीच्या पुलाजवळील उंचवट्याकडे निघाली असता सुनामीची लाट आली. ७४ मुले व १० शिक्षक गेले. पालकांनी दावा लावला, आणि आधीच नीट योजना न आखल्याचा दोष शाळेकडे व शिक्षण मंडळाकडे जातो हा निर्णय २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. ते शिक्षक निष्काळजी नव्हते. मुलांना सोडून कोणी पळाले नाही. एक वाक्य आधी लिहिलेले नव्हते.

एकाच वेळी अनेक गोष्टी समोर आल्या तर क्रम कोणता, हेही ठरलेले असावे. जीव प्रथम, मग प्रसंग पसरू न देणे, म्हणजे गॅसची टाकी बंद करणे, विजेचा मुख्य खटका पाडणे, आणि अगदी शेवटी वस्तू. हा क्रम जगभर मान्य आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली भीषण वणवे लागले, तेव्हा अनेक खात्यांची दले एकमेकांस न विचारता काम करीत राहिली. त्या गोंधळातून घटनेचे नेतृत्व एका हाती देण्याची पद्धत पुढे आली, आणि आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शिक्षकास त्यातील एवढेच घ्यावयाचे की, बाहेरचे दल येईपर्यंत घटनेचा प्रमुख मुख्याध्यापक असतो, व तो नसेल तर त्याच्यानंतरचा ठरलेला शिक्षक. दप्तराची कपाटे जळाली तर नवी नोंदवही करता येते. सर्वसाधारण नोंदवहीसाठी आगीत शिरणाऱ्या शिक्षकाची निष्ठा वंदनीय असली, तरी त्याचा निर्णय चुकीचा ठरतो. हजेरीपट मात्र नेहमी हाताशी असावा, कारण मोजणी त्याच्याशिवाय होत नाही.

मोजणी बिघडते ती बहुधा पालकांमुळे. बातमी पसरताच बाप मोटारसायकलीवर येतो, आपले व शेजाऱ्याचे मूल उचलतो आणि निघून जातो. मग शिक्षक हरवलेल्या मुलास शोधत धोक्याच्या जागी परत जातो. नेणाऱ्याचे नाव व वेळ हजेरीपटावर टिपल्याविना मूल सोडावयाचे नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. प्रसंगी सांगितलेला नियम पालकास अरेरावी वाटतो. पूर आला असता तर मूल घरी पाठविणे हाच धोका असतो. ओढ्याचे पाणी उतरेपर्यंत शाळेत ठेवणे हे तेव्हाचे उद्दिष्ट.

उद्दिष्ट एकदा ठरले म्हणजे कायमचे झाले असेही नाही. वारा फिरला, दुसरा धक्का बसला, मोजणीत एक मूल कमी भरले, की ते बदलावे व पुन्हा मोठ्याने सांगावे. अग्निशमन दल किंवा तहसीलदार आल्यावर त्यांस चार गोष्टी सांगून सूत्रे सोपवावीत: काय घडले, मुले कोठे व किती, कोण सापडत नाही, आतापर्यंत काय केले. ११२ अथवा १०८ वर दूरध्वनी करतानाही हेच सांगावे आणि गावाबरोबर पाड्याचे नावही द्यावे. एका गावाचे आठ-दहा पाडे असतात व गाडी भलत्याच पाड्यावर जाऊन उभी राहते.

राहिला घंटेचा प्रश्न. बाहेर येण्यासाठी सलग घंटा व आत जाण्यासाठी शिटी, अशी दोन चिन्हे ठेवल्यास लहान मुलांसही फरक कळतो. त्यांचा अर्थ मुलांच्या घरच्या बोलीत सांगावा. डहाणूकडे ती वारली असेल, तर बोईसरच्या चाळींतून येणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी हिंदी. पहिल्या सरावात अर्धी मुले शिटी ऐकून बाहेरच धावतील. त्यांस रागावू नये. दुसरा सराव मुख्याध्यापक रजेवर असतील अशा दिवशी घ्यावा, व शिटी कोणाच्या खिशात आहे हे तेव्हा पाहावे.