दारावरची पाटी

उपाहारगृहांत किंवा चित्रपटगृहांत शिरतांना 'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे' ही पाटी आपण पाहिलेली असते. हा हक्क मालकाला किती आहे, असा प्रश्न मात्र आपल्या मनांत येत नाहीं. कारण ती पाटी आपल्याला कधीं अडवीत नाहीं. तिचा अर्थ, ज्याला अडविलें त्यालाच विचारावा.

वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन १९४३ सालीं लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठीं पत्नी व कन्येसह लंडनला आले. इंपीरियल हॉटेलांत त्यांनीं आगाऊ खोल्या ठरविल्या होत्या. तरी केवळ वर्णामुळें त्यांना तेथें राहूं देण्यास नकार मिळाला. त्यांनीं दावा लावला आणि १९४४ सालीं तो जिंकला. भरपाई मिळाली ती अवघी पांच गिनी! वर्णभेदास बंदी करणारा कायदा इंग्लंडांत १९६५ पर्यंत नव्हताच. कॉन्स्टंटाईन यांच्या उपयोगीं पडला तो एक जुना नियम : उतारूंची सोय करणाऱ्यानें, जागा असतां, योग्य कारणावांचून वाटसरूस परत लावूं नये. शेजारच्या कापडवाल्यास हा नियम लागू नव्हता. आपला माल कोणास विकावा, यास तो मुखत्यार होता.

आपल्या देशांत एवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. कारण येथें जातीच्या नांवानें दुकानापासून पाणवठ्यापर्यंत सर्वत्र अडवणूक होती. म्हणून घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि दुकान, उपाहारगृह, हॉटेल वा करमणुकीच्या जागीं मज्जाव करतां येणार नाहीं, असें ठरविलें. ही चर्चा घटना समितींत २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं झाली. धुलाईचें दुकान व केशकर्तनालय 'दुकान' या शब्दांत येतें काय, अशी पृच्छा झाली. डॉ. आंबेडकर यांनीं होकार दिला. हा शब्द नुसत्या प्रवेशापुरता नसून, अटी मान्य असल्यास सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थानें योजला आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मर्म येथेंच आहे. गिऱ्हाइकास खुर्चीवर बसूं दिलें, पण कात्री उचललीच नाहीं, तर दार उघडून काय उपयोग?

कोणी म्हणेल, मालकाच्या मनांतलें कारण सिद्ध कसें करावयाचें? १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानें ही अडचण ओळखली. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणें हा त्यानें गुन्हा ठरविला. आणि अडविलेली व्यक्ति अनुसूचित जातीची असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय कारण अस्पृश्यतेचेंच मानतें.

मग मालकास कांहींच स्वातंत्र्य नाहीं काय? अवश्य आहे. दंगा करणारा, पैसे बुडविणारा, इतरांना त्रास देणारा, अशास त्यानें खुशाल बाहेर काढावें. परंतु या दोन नकारांत अंतर आहे. दंगेखोर उद्यां शांतपणें आला, तर त्याच्यासाठीं दार उघडूं शकतें. जन्मासाठीं अडविलेल्यानें उद्यां काय बदलून यावें? व्यापाऱ्यानें दार सर्वांसाठीं उघडलें, त्याच दिवशीं हा दुसरा नकार देण्याचा अधिकार त्यानें उंबऱ्याबाहेर ठेवला, असें समजावें.