गेम ऑफ लाईफमधील दोलक : प्रत्येक दोलनकाळ शक्य आहे का?

या पाठात आपण सेल्युलर ऑटोमेटामधील दोलक, म्हणजे ठरावीक पिढ्यांनंतर पुन्हा मूळ रूपात येणाऱ्या आकृत्या, समजून घेणार आहोत. उदाहरण म्हणून गणितज्ञ जॉन कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाईफ’ घेऊ. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या ऑक्टोबर १९७० च्या अंकातील मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून तो सर्वांना माहीत झाला. पेन्सिल आणि आलेख कागद जवळ ठेवा.

१. नियम

अमर्याद पसरलेल्या चौकटींच्या जाळ्यात प्रत्येक चौकट जिवंत (■) किंवा मृत (□) असते. तिला आठ शेजारी असतात : चार बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. पुढच्या पिढीत
• जिवंत चौकटीला २ किंवा ३ जिवंत शेजारी असतील तर ती जगते, नाहीतर मरते;
• मृत चौकटीला बरोबर ३ जिवंत शेजारी असतील तर ती जिवंत होते.

सर्व चौकटी एकाच वेळी बदलतात, हे विसरू नका.

२. सर्वांत साधा दोलक

□□□    □■□
■■■ →  □■□
□□□    □■□

मधल्या चौकटीला दोन जिवंत शेजारी आहेत, म्हणून ती जगते. टोकांना प्रत्येकी एकच शेजारी, म्हणून ती मरतात. मधल्या चौकटीच्या वर आणि खाली मात्र तीन-तीन शेजारी भरतात, म्हणून तिथे नव्या चौकटी जिवंत होतात. आडवी ओळ उभी झाली. हेच गणित पुन्हा केले की उभी ओळ आडवी होते. या आकृतीला ब्लिंकर म्हणतात.

प्रोग्रॅम लिहिताना अनेकांची चूक इथेच होते. एकाच ॲरेमध्ये वाचत-वाचत बदल केले, तर वरची नवी चौकट आधीच जिवंत होते. मग डाव्या टोकाला दोन शेजारी दिसतात आणि ते मरायचे राहून जाते. म्हणून जुनी आणि नवी पिढी दोन वेगळ्या ॲरेंमध्ये ठेवा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ब्लिंकर नीट चालत नसेल, तर पुढे जाऊ नका.

३. व्याख्या आणि उदाहरणे

जी आकृती काही पिढ्यांनंतर त्याच जागी, तशीच परत येते ती दोलक होय. अशा पिढ्यांची सर्वांत लहान संख्या म्हणजे तिचा दोलनकाळ.

• दोलनकाळ १ : दोन बाय दोनचा ठोकळा. तो बदलतच नाही, म्हणून त्याला स्थिर आकृती म्हणतात.
• दोलनकाळ २ : ब्लिंकर, टोड.
• दोलनकाळ ३ : पल्सार. त्याच्या तीन अवस्थांत अनुक्रमे ४८, ५६ आणि ७२ जिवंत चौकटी असतात.
• दोलनकाळ १५ : पेंटाडेकॅथलॉन. सलग दहा चौकटींची ओळ काही पिढ्यांत याच दोलकात स्थिरावते.

ग्लायडर मात्र दोलक नव्हे. चार पिढ्यांनंतर त्याचा आकार तोच येतो, पण तो तिरक्या दिशेने एक चौकट सरकलेला असतो.

४. पुनरावृत्ती केव्हा अटळ असते?

जाळे मर्यादित असेल तर नेहमीच. पाच बाय पाचच्या जाळ्यात एकूण २ चा २५ वा घात, म्हणजे ३,३५,५४,४३२ अवस्था शक्य आहेत. तेवढ्या पिढ्या झाल्या की एखादी अवस्था दुसऱ्यांदा येणारच. आणि नियम निश्चित असल्याने तिथून पुढे तेच चक्र फिरत राहते. अमर्याद जाळ्यात ही खात्री नाही. तिथे ग्लायडर कायम पुढे जात राहतो.

५. खरा प्रश्न

प्रत्येक धन पूर्णांकाला तेवढ्या दोलनकाळाचा दोलक असतो का? ब्लिंकर आणि पल्सार एकमेकांपासून दूर ठेवले, तर एकत्रित आकृती ६ पिढ्यांनी परत येते. पण त्यातील एकही चौकट स्वतः ६ पिढ्यांच्या चक्रात फिरत नाही. ही पळवाट टाळण्यासाठी निदान एका चौकटीचा दोलनकाळ पूर्ण असला पाहिजे, अशी अट घालतात.

मोठे दोलनकाळ बांधून मिळतात. एखादा संकेत बंद मार्गावर फिरत ठेवायचा, मार्ग लांबवून फेरीचा काळ बदलायचा आणि समान अंतराने अनेक संकेत सोडायचे. संकेत फार जवळ आले तर मार्गातील यंत्रणा मोडते, म्हणून या पद्धतीला खालची मर्यादा असते. १९९६ मध्ये डेव्हिड बकिंगहॅम यांच्या मार्गांनी ६१ आणि त्यापुढचे सर्व दोलनकाळ मिळाले. २०१३ मध्ये माइक प्लेल यांनी ग्लायडरला काटकोनात वळवणारा ‘स्नार्क’ शोधला आणि ती मर्यादा ४३ वर आली.

त्याखालचे दोलनकाळ एकेक करून, बहुतेक संगणकाच्या मदतीने, शोधावे लागले. शेवटी १९ आणि ४१ उरले. दोन्ही अविभाज्य संख्या. २०२३ मध्ये तेही सापडले आणि उत्तर ‘होय’ असे ठरले.

पाठाचा मुख्य मुद्दा हाच : नियम दोन ओळींत मावतो, पण त्यातून काय घडू शकते हे कळायला ५३ वर्षे लागली. नियम माहीत असणे आणि त्याचे परिणाम माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वाध्याय

१. सलग चार चौकटींची ओळ दोन पिढ्यांत स्थिर होते, हे कागदावर करून पाहा.
२. सलग पाच चौकटींच्या ओळीतून शेवटी किती ब्लिंकर उरतात?
३. दोलनकाळ ४ आणि ६ असलेले दोन दोलक दूर ठेवले, तर एकत्रित आकृती किती पिढ्यांनी परत येईल? २४ का नाही?