तोफेची ढाल आणि तिची प्रतिकृती

‘ढाल’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हाती धरावयाची गोल ढाल उभी राहते. तोफेची ढाल मात्र तोफेच्या बैठकीवर जडविलेली असून तोफेबरोबरच वळते. समोरून येणाऱ्या ठिकऱ्यांपासून गोलंदाजांचे रक्षण करणे हे तिचे कार्य होय. ती मागून उघडी असते. सर्व बाजूंनी बंद अशा फिरत्या पोलादी कोठीहून ती निराळी ठरते, ती याच कारणाने. हा भेद ध्यानी न घेतल्यास प्रतिकृती पहिल्याच पायरीवर चुकते.

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील लाँग-स्युर-मेर येथील जर्मन तोफखाना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील सुमारे १५० मि.मी. व्यासाच्या चार तोफा विनाशिकांसाठी योजिलेल्या प्रकारच्या होत. त्या काँक्रीटच्या तोफगृहांत बसविल्या होत्या. मग ढालीचे प्रयोजन काय? तोफ डावी-उजवीकडे फिरविता यावी म्हणून तोफगृहाचा झरोका रुंद ठेवावा लागतो. ही मोकळी जागा ढालच झाकते. म्हणून ढाल व झरोका यांची मापे एकत्रच घेतली पाहिजेत.

मापे छायाचित्रांवरून घेताना सावध असावे. उभ्या रेषेशी ६० अंशांनी कललेला पत्रा समोरून निम्म्याच उंचीचा दिसतो. त्याची खरी लांबी काढून प्रथम पुठ्ठ्याचा नमुना करावा. जाडीचाही प्रश्न येतो: १० मि.मी. जाडीचा पत्रा १:३५ या प्रमाणात ०.२९ मि.मी. भरतो. इतके पातळ साहित्य सहज वाकते; यास्तव थोडे जाड साहित्य घेऊन केवळ दिसणाऱ्या कडा आतून तासाव्यात.

अखेरचा निर्णय काळाचा. ६ जून १९४४ रोजी या तोफखान्याने दोस्तांच्या युद्धनौकांशी सामना दिला व दुसऱ्या दिवशी तो ब्रिटिशांच्या हाती पडला. चारांपैकी एक तोफगृह स्फोटाने उद्ध्वस्त झाले आहे. उरलेल्या तिहींत तोफा आजही उभ्या आहेत, परंतु गंजलेल्या. आजचा गंज आणि १९४४ ची सज्जता एकाच प्रतिकृतीत मिसळली, तर ती कोणत्याच दिवसाची साक्ष देणार नाही. खाऱ्या वाऱ्यात मूळ लोखंड झिजतच राहणार. तेव्हा उद्याच्या अभ्यासकाला जी साक्ष उरेल, ती खरी असावी, एवढी जबाबदारी प्रतिकृतीकाराने स्वीकारलीच पाहिजे.