थट्टा आणि गांभीर्य (संभाषण)

संभाषणातील एखादे विधान मनापासून केलेले आहे की थट्टेने, हे ओळखणे ही भाषाव्यवहारातील नित्याची, परंतु नाजूक क्रिया आहे. ‘फारच लवकर आलात!’ हे वाक्य वेळेआधी पोहोचलेल्या पाहुण्याला उद्देशून असेल तर ते कौतुक ठरते. दोन तास उशिरा आलेल्याला उद्देशून असेल तर टोमणा ठरतो. दोन्ही वेळा शब्द तेच असतात. म्हणून हा भेद केवळ शब्दार्थावरून करता येत नाही. त्यासाठी स्वर, प्रसंग, बोलणाऱ्याचा स्वभाव आणि संबंधितांमधील नाते यांचा एकत्रित विचार करावा लागतो. हा भेद चुकल्यास मने दुखावतात आणि क्वचित प्रसंगी वाद न्यायालयापर्यंतही जातो.

संज्ञा आणि त्यांच्या छटा

मराठीत अशा बोलण्यासाठी अनेक शब्द आहेत. थट्टा आणि मस्करी यांत ज्याच्याविषयी बोलले जाते, त्यानेही हसण्यात सहभागी व्हावे अशी अपेक्षा असते. टवाळी आणि कुचेष्टा यांत दुसऱ्याला कमी लेखण्याचा हेतू असतो. उपरोधात शब्दांच्या वरवरच्या अर्थाच्या उलट अर्थ अभिप्रेत असतो. टोमणा हसत मारला, तरी त्यामागील तक्रार बहुधा खरी असते. यावरून असे दिसते की, विनोद आणि गांभीर्य नेहमीच परस्परांना वगळत नाहीत. बोलण्याचे रूप विनोदाचे आणि आशय गंभीर, असेही घडते.

भारतीय काव्यशास्त्रातील विचार

बोलण्याच्या स्वरामुळे अर्थ पालटतो, याची नोंद भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून आढळते. स्वराच्या अशा अर्थसूचक बदलास ‘काकु’ म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार सांगितले आहेत. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात वक्रोक्ती अलंकाराचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन भेद केले. निंदेच्या रूपाने स्तुती किंवा स्तुतीच्या रूपाने निंदा करणे, यास व्याजस्तुती अशी संज्ञा आहे.

अपकार करणाऱ्याचे ‘उपकारकर्ता’ म्हणून गुणगान करणारे एक उदाहरणही मम्मटाने दिले आहे. तेथे वाच्यार्थ पूर्णपणे बाजूला पडतो. म्हणून या प्रकारास ‘अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनी’ म्हणतात. ते बोल कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले, हे ठाऊक असणाऱ्यालाच त्यांतील खरा अर्थ कळतो.

ओळखण्याच्या खुणा

स्वर आणि चेहरा : लांबवलेले स्वर, एखाद्या शब्दावरील अकारण जोर, डोळे मिचकावणे किंवा दाबून धरलेले हसू, या थट्टेच्या सामान्य खुणा होत. मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता विनोद करणाऱ्यांच्या बाबतीत त्या उपयोगी पडत नाहीत.

प्रसंगाशी विसंगती : सर्वांना दिसणाऱ्या वस्तुस्थितीच्या अगदी उलट विधान केले गेले, तर ऐकणारा त्यामागे दुसरा अर्थ शोधू लागतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे स्पष्टीकरण दिले. संभाषणात समोरची व्यक्ती सहकार्याने आणि खरे बोलत आहे, असे आपण गृहीत धरतो. तो संकेत उघडपणे मोडला गेला की सूचित अर्थाकडे वळतो.

आदरार्थी रूपे : एरवी ‘तू’ म्हणून संबोधल्या जाणाऱ्या मुलाला आई ‘या महाराज, झाली का झोप?’ असे म्हणते, तेव्हा अनपेक्षित आदर हीच थट्टेची खूण असते. नात्याला न शोभणारे ‘अहो-जाहो’ मराठी श्रोत्याला तत्काळ सावध करते.

रूढ वाक्प्रचार : ‘दिवे लावणे’, ‘उजेड पाडणे’ यांसारखे प्रयोग उपरोधाने इतके रुळले आहेत की, ‘परीक्षेत काय दिवे लावलेस?’ या प्रश्नात कौतुक असल्याचे कोणी समजत नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याची मात्र येथे फसगत होऊ शकते.

मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी प्राण्यांच्या खेळाकडेही या दृष्टीने पाहिले. त्यांनी 1952 साली सॅन फ्रान्सिस्को येथील प्राणिसंग्रहालयात माकडांना खेळताना पाहिले. त्यांचा खेळ वरून भांडणासारखाच दिसत होता. ‘हा खेळ आहे’ असा संकेत परस्परांना देता आल्याशिवाय असा खेळ शक्य नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले.

लिखित संवादातील अडचण

लेखनात स्वर आणि चेहरा या दोन्ही खुणा नाहीशा होतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील सूचनाफलकावर लिहिलेला एक विनोद काहींनी खराखुरा धोक्याचा इशारा समजला. त्यानंतर 19 सप्टेंबर 1982 रोजी स्कॉट फालमन यांनी विनोदी मजकुरापुढे विरामचिन्हांनी बनवलेला आडवा हसरा चेहरा टाकण्याची सूचना केली.

जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या अडचणीचे कारण स्पष्ट होते. आपल्या ई-मेलमधील उपरोध वाचणाऱ्याला कळेल, असा लिहिणाऱ्यांना वाटणारा विश्वास प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. लिहिताना स्वतःचा स्वर मनात ऐकू येत असतो. वाचणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही.

कायद्यातील प्रश्न

‘लूसी विरुद्ध झेमर’ हा अमेरिकेतील खटला या संदर्भात प्रसिद्ध आहे. 1952 साली झेमर यांनी एका उपाहारगृहाच्या बिलाच्या मागील बाजूस आपली शेतजमीन 50,000 डॉलरना विकण्याचा मजकूर लिहून सही केली. आपण केवळ थट्टा करत होतो, असे त्यांनी पुढे सांगितले. 1954 साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करार ग्राह्य धरला. मनातील हेतूपेक्षा शब्द आणि वर्तन यांवरून समंजस माणसाला जे वाटेल ते महत्त्वाचे, असे त्याचे तत्त्व होते.

याच कसोटीने 1999 सालच्या ‘लिओनार्ड विरुद्ध पेप्सिको’ खटल्यात उलट निकाल लागला. जाहिरातीत 70 लाख गुणांच्या बदल्यात लढाऊ विमान देऊ केले होते. कोणताही समंजस प्रेक्षक ते खरे मानणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

गैरसमज आणि जबाबदारी

गैरसमज दोन्ही दिशांनी होतात. थट्टा खरी मानली गेली तर ‘मस्करीची कुस्करी’ होते. याउलट, हसत सांगितलेले दुःख थट्टा समजून दुर्लक्षिले गेले, तर मदतीची गरज असलेली व्यक्ती एकटी पडते. ‘मी गंमत केली’ हे स्पष्टीकरण प्रामाणिक असू शकते. अपमान करून नंतर जबाबदारी टाळण्यासाठीही ते पुढे केले जाते. अशा वेळी ऐकणाऱ्यालाच ‘विनोद कळत नाही’ असा दोष दिला जातो.

उपरोधाची जाण मुलांमध्ये वयानुसार हळूहळू विकसित होते. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही व्यक्तींना, तसेच परभाषेत बोलणाऱ्यांना हा भेद ओळखणे कठीण जाते. म्हणून शंका असल्यास ‘हे मनापासून म्हणता आहात ना?’ असे सरळ विचारणे आणि बोलणाऱ्याने त्याचे सरळ उत्तर देणे, हा गैरसमज टाळण्याचा साधा उपाय ठरतो.