चूक कुठून आली, ते आधी विचारा

फळ्यावर वजाबाकी आहे, 52 वजा 27. तिसरीतला एक मुलगा पुढे येतो, खडू घेतो आणि मोठ्या विश्वासानं लिहितो, 35. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसतं. आता सगळ्यांचं लक्ष बाईंकडे. पुढच्या अर्ध्या मिनिटात बाई काय बोलतात, त्यावर त्या मुलाचं गणिताशी नातं कसं राहणार हे बरंचसं ठरतं.

बाई म्हणू शकतात, ‘‘चूक. जा, बस जागेवर.’’ किंवा एखाद्या हुशार मुलाला उठवून म्हणू शकतात, ‘‘सांग रे त्याला.’’ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हे दोन्ही पाहिलंय. तिसरा मार्गही आहे. बाई त्याच्या शेजारी उभ्या राहून विचारतात, ‘‘हे कसं काढलंस बाळा? बोलून दाखव बघू.’’ मुलगा सांगतो, ‘‘सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन.’’

एवढ्यात सगळा उलगडा होतो. मुलगा धांदरट नाही, त्यानं अंदाजपंचे उत्तर ठोकलेलं नाही. वरचा आकडा असो वा खालचा, मोठ्यातून लहान वजा करायचा, हा त्याचा नियम आहे आणि तो त्यानं नेमानं पाळलाय. 61 वजा 38 दिलं तर तो 37 लिहील. 78 वजा 25 मात्र बरोबर सोडवील, कारण तिथं दशक सुटं करायची वेळच येत नाही. गंमत म्हणजे हा नियम त्याला बहुतेक शाळेनंच दिलेला असतो. ‘लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही’ हे पहिलीत पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. मुलानं ते प्रामाणिकपणे लक्षात ठेवलं आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी 1978 साली मुलांच्या आकडेमोडीतल्या चुकांवर एक निबंध लिहिला. निष्काळजीपणा वाटणाऱ्या कित्येक चुकांमागे मुलाची ठरलेली, पण सदोष रीत असते, हे त्यांनी दाखवलं. ती रीत ओळखली की मूल पुढच्या गणितात काय चुकेल हेही आधी सांगता येतं. नुसतं ‘नीट लक्ष दे’ म्हणून अशी चूक जात नाही, कारण लक्ष देऊनच ती केलेली असते.

मग बाई काय करतात? काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतात. ‘‘यातल्या सात सुट्या काड्या मला दे.’’ सुट्या तर दोनच. मुलगा गठ्ठ्यांकडे बघतो, बाईंकडे बघतो. बाई गप्प. मग तोच विचारतो, ‘‘बाई, एक गठ्ठा सोडू?’’ गठ्ठा सुटला, बारा काड्या झाल्या, त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन गेले. पंचवीस. ‘चूक’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, तरी चूक मुळापासून गेली. हळुवार दुरुस्तीत हळवेपणा नसतो. चुकीचं कारण हुडकून नेमकं तिथं बोट ठेवायचं, हे शिक्षकाच्या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे.

दंड मुलाला नव्हे

हा विषय कोल्हापुरात बसून लिहिताना दोन नावं टाळता येत नाहीत. पहिलं राजर्षी शाहू महाराजांचं. 1917 साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेत न येणाऱ्या मुलाचा भार महाराजांनी मोठ्यांच्या खांद्यावर टाकला. मूल शिकत नसेल तर आधी मोठ्यांनी जाब द्यायचा, असं त्या दंडाचं सरळ तत्त्व मला दिसतं. ते उंबरठ्याशी न थांबता वर्गाच्या आतही यायला हवं.

दुसरं नाव लीलाताई पाटील यांचं. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या ना. सी. फडके यांच्या या कन्येनं उमेदीची वर्षं शिक्षक घडवण्यात घालवली आणि 1985 साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मराठी माध्यमाची ही छोटी प्रयोगशील शाळा. धाकदपटशा, मारझोड, नंबरांची चढाओढ यांना तिथं थारा नव्हता. मुलांनी करून बघावं, विचारावं, चुकावं आणि पुन्हा करावं, ही तिथली रीत. ‘परिपाठ’, ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’, ‘अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी’ ही त्यांची पुस्तकं वर्गातल्या रोजच्या अनुभवांतून आलेली आहेत. म्हणूनच राज्यभरातल्या धडपडणाऱ्या शिक्षकांनी ती जवळ केली. जून 2020 मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी, लीलाताई गेल्या.

आयुष्यभर शिक्षक घडवलेल्या बाईंनी निवृत्तीच्या वयात लहान मुलांची शाळा काढली, याला मोल आहे. मुलांना न दुखावता शिकवता येतं, हे व्याख्यानात सांगणं सोपं. रोज साडेदहाला घंटा झाल्यावर करून दाखवणं वेगळं. आनंदानं शिकणं आणि काटेकोर शिकणं यांत वैर नाही, ही खात्री त्या शाळेनं अनेकांना दिली.

‘मी गेलतो’ म्हणणारी मुलगी

भाषेच्या तासाला चुकीचा प्रश्न जास्त नाजूक होतो. कोल्हापुरातली मुलगी सोमवारी वर्गात उठून सांगते, ‘‘बाई, काल मी आज्जीसंगं जोतिबाला गेलतो.’’ आमच्याकडं बायका-मुली ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलतात. तिची आई असं बोलते, आज्जी असं बोलते, गल्ली असं बोलते. ‘‘मुलीसारखं बोल, अशुद्ध बोलू नकोस,’’ असं बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं तर त्या एका क्रियापदाबरोबर तिचं सगळं घरच खोटं ठरतं. पुढच्या सोमवारी ती हात वर करणार नाही.

जाणती शिक्षिका आधी गोष्ट ऐकते. ‘‘अगंबाई, आज्जीबरोबर जोतिबाला गेली होतीस? मग गुलालानं माखली असशील की!’’ प्रमाण भाषेतलं रूप मुलीच्या कानावर पडलं आणि गोष्टही पुढं सरकली. बोलताना एवढं पुरे. लिहायची वेळ आली की मात्र बाई उघडपणे सांगतात, ‘‘घरी आपण ‘गेलतो’ म्हणतो, ते आपलंच आहे. पुस्तकात आणि पेपरात कसं लिहितात ते आता बघूया.’’ दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी शेजारी येतात. घरच्या भाषेचा मान राखून दुसरी भाषा हाती देणं ते हेच.

या जिल्ह्यात याची गरज रोज पडते. सीमेकडच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुलं आहेत. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्यांची मुलं वेगळीच मराठी घेऊन येतात. या सगळ्यांना एकाच फूटपट्टीनं मोजलं तर निम्मा वर्ग बोलायच्या आधीच चुकीचा ठरेल.

आकड्यांचंही तसंच. ‘पंचवीस’ ऐकून मूल 52 लिहितं. का? कानावर आधी पाच पडले, मग वीस. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. शेजारच्या कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. तिथं ही अडचण येत नाही. 2019 मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर त्यामागची मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या. त्या उपायाबद्दल मतभेद असू शकतात. पण 52 लिहिणारं मूल मठ्ठ नाही, तर लक्षपूर्वक ऐकणारं आहे, एवढं तरी त्या वादातून आपण घ्यायला हवं होतं.

गोड म्हणजे गुळमुळीत नव्हे

इथं उलट्या टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. मूल दुखावेल म्हणून चूक तशीच सोडून देणं, ‘छान, छान’ म्हणत पुढं जाणं, हीसुद्धा हेळसांडच आहे. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाचं वाक्य फक्त दुरुस्त रूपात उच्चारून दाखवायचं, ही पद्धत शिक्षक सर्वांत जास्त वापरत होते. निम्म्याहून अधिक दुरुस्त्या तशाच होत्या. पण त्या पद्धतीत मुलांना आपली चूक उमगण्याचं प्रमाण सर्वांत कमी निघालं. ‘हे वेगळ्या तऱ्हेनं कसं म्हणशील?’ असं विचारून मुलाकडूनच बरोबर रूप काढून घेतलं, तेव्हा चूक जास्त वेळा सुधारली. म्हणून जोतिबाच्या गोष्टीतली हळूच केलेली दुरुस्ती ही सुरुवात आहे. काम पुरं होतं ते फळ्यावर.

मुलाकडून उत्तर काढून घ्यायचं तर थांबावं लागतं, आणि थांबणं शिक्षकाला फार जड जातं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांना पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही. तेवढा वेळ गप्प राहायचं, बस्स.

आणि ते मागच्या बाकावरचं हसू? त्याचाही बंदोबस्त बाईंनीच करायचा. ओरडून नव्हे. ‘‘यानं काढलेली रीत नीट बघा. अशी कुणाकुणाची होते?’’ असं विचारलं की पाच-सहा हात वर येतात. चूक एकट्याची राहत नाही, सगळ्या वर्गाचं काम होऊन जाते.

कायदा थांबवतो, शिकवत नाही

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 सालचा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. कलम 29 सांगतं की शिक्षणानं मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करावं आणि मोकळेपणानं बोलायला मदत करावी. हे मोठंच पाऊल. पण कायदा छडी काढून घेऊ शकतो, छडीच्या जागी काय ठेवायचं ते शिकवू शकत नाही. म्हणून कित्येक वर्गांत छडी गेली आणि टोमणा आला. ‘‘तुला कधीच जमणार नाही’’ या वाक्याचा वळ कुणाला दिसत नाही, पण तो हातावरच्या वळापेक्षा जास्त टिकतो.

शिक्षकांवर सगळं ढकलून आपण मोकळं व्हावं, असंही नाही. त्याच कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता, वर ऑनलाइन माहित्या भरायच्या, मधूनच सर्वेक्षणं. अशा धबडग्यात प्रत्येक मुलाला ‘कसं काढलंस?’ विचारायला उसंत कुठून आणायची? मुलाच्या चुकीपाशी थांबायला शिक्षकाला वेळ मिळावा, ही मागणी शाळेच्या रंगरंगोटीच्या आधी यायला हवी.

तरीही आजच्या आज करता येण्यासारखं पुष्कळ आहे. निबंधाची वही लाल शाईनं रंगवण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवता येते. या आठवड्यात फक्त अनुस्वार, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. चुकीच्या ओळीवर फुली मारण्याऐवजी समासात बारीक खूण करून मुलालाच ती शोधायला सांगता येते. बरोबर उत्तरालाही ‘कसं काढलंस?’ विचारण्याची सवय लावता येते, म्हणजे तो प्रश्न आला की आपलं चुकलंच, असं मुलांना वाटत नाही.

घरीही हेच. संध्याकाळी अभ्यासाला बसवून ‘‘एवढं साधं येत नाही?’’ म्हणणाऱ्या आई-बाबांनी एकदा म्हणून बघावं, ‘‘मला समजावून सांग, तू काय केलंस.’’ मूल सांगता सांगता मध्येच थांबेल आणि म्हणेल, ‘‘थांब, माझं इथं चुकलंय.’’

स्वतःची चूक स्वतः पकडता येणं हाच शिक्षणाचा खरा हेतू. पुढं आयुष्यात कुठलीही बाई, कुठलेही गुर्जी शेजारी उभे राहणार नसतात. ज्या मुलाची चूक लहानपणी कुणीतरी आस्थेनं ऐकून घेतली, ते मूल मोठेपणी आपली चूक लपवत नाही. शाहू महाराजांनी या मातीत मुलाला शाळेपर्यंत आणलं, लीलाताईंनी त्याला निर्भयपणे बसवून दाखवलं. त्या दोघांचं नाव अभिमानानं घ्यायचं तर जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्गात चुकलेल्या मुलाला पहिला प्रश्न हाच विचारला गेला पाहिजे, ‘कसं केलंस, सांग बघू?’