देवयानीचे अंतर : आकाशगंगेपलीकडील दीर्घिकांचा शोध

मोठ्या दुर्बिणी आल्या आणि आकाशगंगेपलीकडील दीर्घिका दिसू लागल्या, असा समज आपल्या अध्यापनातून नकळत दृढ होतो. वस्तुतः त्या आधीपासूनच दिसत होत्या. देवयानी तारकासमूहातील धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सायमन मारिउस यांनी १६१२ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ या तेजोमेघाची सर्पिल रचना रेखाटली. प्रश्न होता तो अंतराचा. हे तेजोमेघ आकाशगंगेतीलच आहेत की स्वतंत्र तारकाविश्वे आहेत, हे अंतर कळल्यावाचून ठरणार नव्हते.

अंतर मोजण्याचे साधन हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांच्या संशोधनातून मिळाले. लहान मॅगेलन मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. हे सर्व तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजाची थेट तुलना शक्य होती. ज्या ताऱ्याचा आवर्तनकाल अधिक, त्याची दीप्तीही अधिक, असा नियम १९१२ मध्ये पुढे आला. आवर्तनकालावरून मूळ दीप्ती आणि तिची दृश्य तेजाशी तुलना करून अंतर, अशी ही रीत. (हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या सहीने, ही बाब सहसा अनुल्लेखित राहते.)

एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे शॅप्ले व कर्टिस यांनी परस्परविरोधी मते मांडली. निर्णय झाला नाही. तेजोमेघ आकाशगंगेबाहेरील तारकाविश्वे नाहीत, हा शॅप्ले यांचा पक्ष आज वाटतो तितका दुबळा नव्हता. सर्पिल तेजोमेघांचे परिभ्रमण मोजल्याचा दावा व्हॅन मानेन यांनी केला होता. तो खरा असता, तर इतक्या दूरच्या वस्तूंचा वेग प्रकाशवेगाहून अधिक ठरला असता. ते मोजमापच सदोष असल्याचे पुढे सिद्ध झाले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचे छायाचित्र घेतले. काचेवरील एका ठिपक्याजवळ त्यांनी नवताऱ्याची खूण म्हणून ‘एन’ हे अक्षर लिहिले. जुन्या काचांशी ताडून पाहता तो रूपविकारी तारा असल्याचे लक्षात आले, तेव्हा ते अक्षर खोडून त्यांनी तशी नोंद केली. आवर्तनकाल निघाला सुमारे ३१ दिवस आणि अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. शॅप्ले यांनी मानलेला आकाशगंगेचा तीन लाख प्रकाशवर्षांचा अतिरिक्त व्यास स्वीकारला, तरी देवयानी तिच्या बाहेरच राहत होती. १ जानेवारी १९२५ रोजी हे निष्कर्ष वॉशिंग्टन येथील सभेत वाचले गेले.

हबल यांचे अंतरही अचूक नव्हते. अशा रूपविकारी ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केल्यावर ते दुपटीच्या आसपास गेले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.