जुन्या इंजिनाला कोणता स्पार्क प्लग?

सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पाडणे, एवढेच स्पार्क प्लगचे काम. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला १२०० वेळा पेटतो. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग धरला, तर २०,००० किलोमीटरमध्ये हा आकडा सुमारे ३ कोटी ६० लाखांवर जातो. दर ठिणगीला इलेक्ट्रोडचा अतिसूक्ष्म अंश झिजतो. धारदार कडा गोल होतात आणि दोन इलेक्ट्रोडमधला गॅप वाढतो. गॅप जितका मोठा, तितका तो ओलांडायला विजेचा दाब जास्त लागतो. एरवी दहा ते वीस हजार व्होल्टमध्ये भागते. झिजलेल्या प्लगला त्याहून अधिक लागतात आणि नेमके तेव्हाच जुन्या गाडीतली कॉइल व हायटेन्शन वायर थकलेली असते. चढावर गाडी मिस मारते, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते, पीयूसीला धुरात न जळलेले इंधन दिसते.

अशा वेळी मालकाच्या मनात येते की इंजिन जुने झाले, तर प्लगही वेगळा हवा. दुकानदार महागडा इरिडियम प्लग पुढे करतो, कोणी ‘एक नंबर गरम’ प्लग टाकून बघायला सांगतो. यातला दुसरा सल्ला जास्त जोखमीचा आहे.

गरम आणि थंड प्लग यांतला फरक ठिणगीत नसतो. प्लगचे टोक ज्वलनाची उष्णता किती वेगाने सिलिंडर हेडकडे सोडते, यावर तो ठरतो. आतल्या पांढऱ्या चिनी मातीचे नाक लांब असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट मिळते आणि टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड. टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या बरेच पुढे गेले, तर ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या टोकामुळे मिश्रण पेटते. या अवेळी ज्वलनाने पिस्टनला भोक पडू शकते. गाडी बनवणारी कंपनी प्लगचा नंबर ठरवते, तो या दोन मर्यादांच्या मधली जागा धरून.

नागपूरच्या दक्षिणेच्या बेसा भागातली जुनी पेट्रोल कार घेतली, तर ही अडचण स्पष्ट होते. आठवडाभर ती बेसा ते मनीषनगर, तिथून वर्धा रोड, अशा छोट्या फेऱ्या मारते. सिग्नलवर थांबत, कमी वेगात चालताना प्लग पुरेसा तापत नाही आणि काळा पडतो. तेव्हा गरम प्लगचा मोह होतो, काही दिवस त्याने बरेही वाटते. पण शिर्डीला निघायचे ठरले, की हीच कार शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढते आणि मेच्या उन्हात, बाहेर ४५ अंश असताना, तासन्‌तास ताशी शंभराच्या आसपास धावते. गावात काजळी जाळणारा प्लग इथे धोक्याची मर्यादा गाठू शकतो. इंजिन जुने झाले, म्हणून प्लगचा तापमानाचा नंबर बदलायला नको.

दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना आणखी एक घोटाळा होतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात उलट, आकडा वाढला की गरम. बॉशची भारतातली कंपनी मायको १९५१ साली बंगळूरमध्ये सुरू झाली आणि स्पार्क प्लग हे तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक. म्हणून जुने मेकॅनिक अजून ‘मायकोचा प्लग’ मागतात. बॉशवरचा ७ आणि एनजीकेवरचा ७ एकच समजून अदलाबदल केली, तर चुकीचा प्लग बसतो. कंपनीच्या तक्त्यातूनच जुळणी पाहावी.

नंबरातली अक्षरेही वाचता येतात. एनजीकेच्या बीपीआर६ईएस या प्लगमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, ‘पी’ म्हणजे नाक पुढे आलेले, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा तापमानाचा नंबर आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटी ११ जोडलेला असेल तर गॅप १.१ मिलिमीटर. आट्यांची लांबी चुकली तर नुकसान मोठे असते. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो, आखूड बसवला तर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ‘आर’ अक्षर सोडू नये, कारण ठिणगीचा विद्युत गोंगाट संगणकाला त्रास देतो.

आता इरिडियम. निकेल १४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १७६८ आणि इरिडियम सुमारे २४४६ अंशांना. इतका कठीण धातू असल्याने मधला इलेक्ट्रोड अगदी बारीक ठेवता येतो, ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते आणि प्लग लाख किलोमीटरच्या आसपासही टिकतो. गाडी कंपनीतून इरिडियमवर आली असेल, तर तोच घालावा. मुळात निकेलच्या प्लगवर चालणाऱ्या आणि तेल खाणाऱ्या गाडीत मात्र तो खर्च वाया जातो. तेलाचा थर धातू बघून बसत नाही. झिजण्याआधीच प्लग भिजून बाद होणार असेल, तर साधा निकेल प्लग दर वीस हजार किलोमीटरला बदललेला बरा.

पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिले, त्यात एका सिलिंडरला दोन प्लग आहेत. ज्योत दोन्हीकडून पसरत असल्याने मिश्रण लवकर जळते. या गाड्या अजून मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे हाताला सहज लागणारा एकच प्लग बदलणे. गाडी एका प्लगवरही चालत राहते, म्हणून मेलेला दुसरा प्लग लवकर लक्षात येत नाही. दोन्ही एकदमच बदलावेत.

नवा प्लग बसवण्याआधी काढलेला नीट पाहावा, कारण इंजिनच्या आत काय चालले आहे ते तिथेच दिसते. नाक फिक्या कॉफीच्या रंगाचे असेल तर ज्वलन ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरेफटक, फोड आलेले नाक म्हणजे अतितापमान किंवा मिश्रणात पेट्रोल कमी. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे याच बाजूला झुकते. चकचकीत, ओला काळा थर म्हणजे तेल. बाहेर, लोखंडी कवचाच्या अगदी वर, चिनी मातीवर तपकिरी कडे दिसते. पुष्कळजण त्याला वायूची गळती समजतात. प्रत्यक्षात उच्च दाबाची वीज हवेतले तेलाचे कण ओढून घेते, त्याचा तो डाग असतो. निरुपद्रवी आहे.

गॅपसाठी फिलर गेजच वापरावे. काही गॅरेजमध्ये करवतीच्या पात्याने माप घेतात. ते पाते सुमारे ०.६५ मिलिमीटर जाडीचे असते. बऱ्याच मोटारसायकलींना ते चालून जाते, १.१ मिलिमीटर गॅप मागणाऱ्या कारला नाही. इरिडियमचा बारीक इलेक्ट्रोड वाकवू नये. इंजिन थंड असतानाच, भोवतालची धूळ फुंकून प्लग काढावा. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून तो काढताना आटे सोलले जातात. नवा प्लग आधी हातानेच पूर्ण फिरवावा. तो टेकल्यावर, नव्या वॉशरचा असेल तर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो.

प्लग तेलाने भिजत असेल, तर धुराची वेळ पाहावी. रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. नवा प्लगही काही आठवड्यांत ओला निघाला, तर तिसरा विकत घेण्याआधी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.